काइटसर्फिंगच्या लाइन्स: जाडी किती घ्यावी आणि कशी ठरवावी

काइटसर्फिंगमध्ये मोठ्या पतंगाच्या, म्हणजे काइटच्या, ओढीने बोर्डवरून पाण्यावर पळायचं असतं. काइट हाताळायचा तो हातातल्या दांड्याने, म्हणजे बारने, आणि बारपासून काइटपर्यंत जाणाऱ्या दोऱ्या म्हणजे लाइन्स. बार घेताना आपण बारची रुंदी बघतो, चिकन लूप (बार कमरेच्या हार्नेसला, म्हणजे पट्ट्याला, अडकवणारी कडी) किती सहज सुटतो ते बघतो, डिपॉवरची, म्हणजे काइटची ओढ कमी करायची, पट्टी हाताला पोचते का तेही बघतो. लाइन्सकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही, बारबरोबर आल्या त्या वापरायच्या. प्रश्न पडतो तो पुढे, एखादी लाइन तुटल्यावर किंवा जुना बार घेतल्यावर. मग जो तो वेगळं सांगतो. एक म्हणतो बारीक घे, काइट चटकन वळतो. दुसरा म्हणतो जाड घे, जिवाचा प्रश्न आहे.

माझं म्हणणं असं की जाडीपासून सुरुवातच करू नये. आधी किती ताकदीची लाइन लागणार ते ठरवायचं. मग ती ताकद देणाऱ्या लाइन्समधली बारीक कोणती ते बघायचं. आणि शेवटी आपला किनारा कसा आहे, त्यानुसार पुन्हा थोडं जाडीकडे सरकायचं. हा क्रम उलटा केला की चुकीची लाइन हातात येते. खालचं सगळं चार लाइन्सच्या बारसाठी आहे: दोन पुढच्या, काइटच्या पुढच्या कडेला जाणाऱ्या, आणि दोन मागच्या, ज्यांनी तो वळतो.

आधी बारवर काय आहे ते मोजा

लाइनवर जाडी छापलेली नसते. व्हर्निअर असला तरी उपयोग कमी, कारण विणलेली लाइन त्याच्या जबड्यात चपटी होते. त्यापेक्षा पेन्सिल घ्या, लाइन हलक्या ताणाने तिच्याभोवती एकाला एक चिकटून दहा वेळा गुंडाळा आणि दहा वेढ्यांची एकूण रुंदी पट्टीने मोजा. १५ मिलिमीटर आली तर लाइन साधारण दीड मिलिमीटरची. हे टोकाजवळ करू नका, तिथे शिवलेला लूप आणि त्यावरची नळी असते. मधल्या, न घासलेल्या भागावर मोजा.

पुढच्या आणि मागच्या लाइन्स वेगवेगळ्या मोजा. पुष्कळ बारवर पुढच्या दोन जाड आणि मागच्या दोन बारीक असतात. कंपनीच्या माहितीपत्रकात तुटण्याचा भार किलोत किंवा पौंडात दिलेला असतो. ५०० पौंड म्हणजे सुमारे २२७ किलो, ६६० पौंड म्हणजे ३०० किलो. तुटण्याचा भार आणि जाडी या दोन गोष्टी सरळ एकमेकींना बांधलेल्या नाहीत, हे इथेच ध्यानात घ्या. एकाच जाडीच्या दोन लाइन्स धाग्याचा दर्जा, विणीची घट्टी आणि वरचं कोटिंग यांमुळे ताकदीत बऱ्याच वेगळ्या असू शकतात. काइटच्या बहुतेक लाइन्स डायनीमाच्या (अतिशय मजबूत पॉलिथिलीन धाग्याच्या) किंवा त्याच जातीच्या स्पेक्ट्राच्या असतात. डायनीमातही एसके७५, एसके७८, एसके९९ असे प्रकार आहेत. एसके७८ सततच्या भाराखाली कमी लांबतं, एसके९९ तेवढ्याच जाडीत जास्त ताकद देतं. म्हणून दुकानदाराला “दीड मिलिमीटरची द्या” एवढंच सांगू नका. “तीनशे किलोची, कुठल्या धाग्याची, किती जाडीची?” असं विचारा.

ओढ किती येते, त्याचा ढोबळ हिशेब

हा हिशेब प्रत्येकाने एकदा कागदावर करावा.

२० नॉट वारा म्हणजे सेकंदाला सुमारे १० मीटर. त्या वाऱ्याचा दाब आपल्याकडच्या उबदार हवेत एका चौरस मीटरला साधारण सहा किलो भरतो. १२ चौरस मीटरचा फुगवायचा काइट कमानीसारखा वाकलेला असल्यामुळे त्यातले आठेक चौरस मीटर खरं काम करतात, आणि तेही पूर्ण क्षमतेने नाही. तरीही एका जागी स्थिर असलेला काइट चाळीसेक किलोने ओढतो असं धरायला हरकत नाही. या भाराला कुठलीही लाइन पुरेल.

पण काइट एका जागी राहत नाही. खाली झेपावला, लूप घेतला, म्हणजे हवेत गोल गिरकी मारली, की त्याला लागणारा वारा खऱ्या वाऱ्यापेक्षा कितीतरी जोराचा असतो. ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. लागणारा वारा दुप्पट झाला की चाळीसचे एकशेसाठ किलो होतात आणि तिप्पट झाला की तीनशेसाठ. चढ्या वाऱ्यात उडी मारताना किंवा काइटलूप घेताना लाइन्सवर येतो तो हा भार.

आता तो चार लाइन्सत वाटा. ट्यूब काइटवर, म्हणजे अशा फुगवायच्या काइटवर, मोठा वाटा पुढच्या दोन लाइन्स उचलतात. सत्तर टक्के धरू. तीनशेसाठचे सत्तर टक्के म्हणजे अडीचशे किलो, एका लाइनवर सव्वाशे. तीनशे किलोची नवी लाइन असेल तर दुपटीहून जास्त हात राखून आहे.

खरी मेख मागच्या लाइन्समध्ये आहे. उरलेले तीस टक्के म्हणजे एकशेआठ किलो दोघींत वाटले जातील असं वाटतं, पण लूप घेताना बार एका बाजूने पूर्ण ओढलेला असतो आणि जवळजवळ सगळा भार वळणाच्या आतल्या एका लाइनवर येतो. तिथे दोनशे किलोची लाइन आहे, ती दोन हंगाम वापरलेली आहे आणि मध्ये कुठेतरी नकळत एक साधी गाठ पडली आहे, असं समजा. साध्या गाठीने डायनीमाची निम्मी ताकद सहज जाते. उरले शंभर, लागतात एकशेआठ. म्हणून लूप घेणाऱ्याने मागच्या लाइन्सही पुढच्यांइतक्याच ताकदीच्या घ्याव्यात. ज्याला फक्त इकडून तिकडे फेऱ्या मारायच्या आहेत, त्याला पुढे तीनशे आणि मागे दोनशे पुरेसे होतात.

पुढच्या लाइन्सच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. आजच्या बहुतेक बारवर चिकन लूप सोडल्यावर काइट एकाच पुढच्या लाइनवर लटकतो आणि झेंड्यासारखा फडफडत शक्ती सोडतो. २०२० मध्ये आलेलं आयएसओ २१८५३ हे मानक सुटण्याच्या यंत्रणेची कसोटी कशी घ्यायची ते सांगतं. पण यंत्रणा सुटल्यावर पुढचा सगळा भरवसा त्या एका लाइनवर असतो. तो काइट किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटेत सापडला तर बसणारा हिसका एकाच लाइनला सोसावा लागतो. त्यामुळे वजन वाचवायला पुढच्या लाइन्स बारीक करणं मला पटत नाही.

जाड लाइन घेतली तर काय जातं

मग सगळ्याच जाड का घेऊ नयेत? कारण वारा काइटला लागतो तसा लाइन्सनाही लागतो. २४ मीटरच्या चार लाइन्स दीड मिलिमीटरच्या असतील तर वाऱ्यासमोर ०.१४४ चौरस मीटर नुसती दोरी उभी असते. त्याच १.१ मिलिमीटरच्या घेतल्या तर ०.१०६ चौरस मीटर, म्हणजे हवेचा अडथळा सुमारे २७ टक्क्यांनी कमी.

आता ताकदीचं बघा. अडथळा व्यासाच्या प्रमाणात बदलतो, ताकद मात्र व्यासाच्या वर्गाने. एकाच धाग्याची, एकाच विणीची लाइन दीडवरून १.१ मिलिमीटरवर आणली की ताकद जवळजवळ ४६ टक्क्यांनी उतरते. २७ टक्के अडथळा वाचवायला ४६ टक्के ताकद मोजायची. हा सौदा कुणाला परवडतो, एवढंच ठरवायचं असतं.

फॉइल काइटवर, म्हणजे फुगवलेल्या नळीशिवायच्या कापडी काइटवर, शर्यत खेळणाऱ्याला परवडतो. त्याचा काइट मुळातच हवेत फार कमी अडखळतो, त्यामुळे एकूण अडथळ्यात लाइन्सचा वाटा मोठा असतो आणि तो कमी केला की वाऱ्यावर चढताना फरक पडतो. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये मार्सेयच्या समुद्रात फॉर्म्युला काइटच्या शर्यती झाल्या, त्या याच जातीच्या काइटवर. हायड्रोफॉइलचा, म्हणजे पाण्याखालच्या पंखावर उचलला जाणारा, बोर्ड वाऱ्यापेक्षा वेगाने पळतो आणि त्या वेगाला लाइनची प्रत्येक दशांश मिलिमीटर जाणवते. ट्यूब काइटची गोष्ट वेगळी. त्याची पुढची फुगवलेली नळीच इतका वारा अडवते की लाइन्समधला फरक त्यात बराचसा विरून जातो.

ट्यूब काइटवर जाड लाइनचा तोटा दिसतो तो अगदी हलक्या वाऱ्यात. दहा-बारा नॉटमध्ये मागच्या लाइन्स आपल्या वजनाने आणि वाऱ्याच्या रेट्याने मध्ये पोट काढतात. बार ओढला की आधी ते पोट सरळ होतं, मग काइटला निरोप पोचतो. कोटिंग गेलेली जुनी लाइन पाणी धरते, म्हणजे आणखी जड. अशा वेळी मागच्या लाइन्स किंचित बारीक असणं खरंच बरं वाटतं.

अडथळा कमी करायचा दुसराही रस्ता आहे, तो म्हणजे लांबी. २४ ऐवजी २२ मीटर केल्या तर आठ टक्के अडथळा जातो आणि ताकदीला धक्का लागत नाही. अर्थात आखूड लाइनवर काइटला फिरायला जागा कमी मिळते, त्यामुळे हलक्या वाऱ्यात काइट खालीवर फिरवून ओढ काढणाऱ्याला ते मानवत नाही. पण बाकीच्यांनी लाइन बारीक करण्याआधी लांबीचा विचार जरूर करावा.

आपला किनारा

इंटरनेटवरचे सल्ले बहुधा मऊ वाळूच्या, मोकळ्या किनाऱ्यांवरून येतात. आपल्याकडे परिस्थिती निराळी आहे. गोव्यात मांद्रे, आश्वे, मोरजीच्या पट्ट्यात उन्हाळ्याच्या दुपारी समुद्रावरून वारा धरतो. तो बहुधा मध्यम असतो, पण वाळूत होड्या, रापणीची जाळी, शॅकच्या खुर्च्या आणि लाइन ओलांडून चालणारे पर्यटक हे सगळं असतं. रामेश्वरमला वारा भरवशाचा आणि जोराचा, पण काठावर प्रवाळाचे धारदार तुकडे. कोकणात कुठे काइट काढायचाच म्हटला तर कालवं चिकटलेले खडक आहेत. कालवाच्या धारेवरून ताणलेली लाइन एकदा सरकली तरी पुरे.

बारीक लाइन इथे दुप्पट हरते. घासून चारही बाजूंनी दशांश मिलिमीटर झिजली असं धरा. दीड मिलिमीटरच्या लाइनचा पाऊण छेद शिल्लक राहतो, १.१ मिलिमीटरच्या लाइनचा फक्त दोनतृतीयांश, आणि तोही मुळात कमी ताकदीचा. उन्हाचंही तसंच. ऊन बाहेरच्या थरावर काम करतं आणि बारीक लाइनमध्ये बाहेरचा थरच जास्त असतो.

शिवाय माणसं. ताणलेली बारीक लाइन बोट, पोटरी, मान कशालाही जास्त खोल कापते आणि दिसते कमी. गर्दीच्या किनाऱ्यावर काइट उभा करणाऱ्याने जाड तर घ्यावीच, शिवाय भडक रंगाची घ्यावी. करड्या लाइन्स वाळूवर दिसतच नाहीत.

दोन काइटच्या लाइन्स एकमेकींत अडकल्या की काय होतं, हे मांजा उडवलेल्या माणसाला वेगळं समजवायला नको: ताणलेली लाइन सैल लाइनवरून सरकते आणि तिला कापते. डायनीमा साधारण १४५ ते १५० अंश सेल्सिअसला वितळतं, घर्षणाने एका ठिकाणी तेवढी उष्णता यायला वेळ लागत नाही. जाड लाइन इथे फार तर काही क्षण मिळवून देते. त्यात बार सोडायचा, आणि हार्नेसवर हुक चाकू असू द्यायचा.

मग कुणी काय घ्यावं

शिकणाऱ्याने, आणि शिकवणाऱ्याने तर नक्कीच, चारही लाइन्स तीनशे किलोच्या घ्याव्यात. त्या साधारण दीड ते पावणेदोन मिलिमीटरच्या येतात. लांबी वीस ते बावीस मीटर पुरे. शिकाऊ माणसाचा काइट दिवसभर वाळूत पडतो, लाइन्स पायाखाली येतात. त्याला वेगातला फरक कळणारही नाही, पण तुटलेली लाइन कळेल.

मध्यम वाऱ्यात ट्यूब काइटवर फेऱ्या मारणाऱ्या, छोट्या उड्या घेणाऱ्या सत्तर-ऐंशी किलोच्या माणसाला पुढे तीनशे, मागे दोनशे ते अडीचशे. मागच्या लाइन्स सव्वा मिलिमीटरच्या आसपास बसतात. माझ्या मते आपल्याकडच्या बहुतेकांसाठी हाच मधला मार्ग बरोबर आहे. नव्वद किलोच्या वरच्या माणसाने मागेही तीनशेच घ्यावी, कारण त्याचा काइट मोठा असतो आणि तो त्याला जास्त जोराने धरून ठेवतो.

रामेश्वरमच्या जोरदार वाऱ्यात सात किंवा नऊ मीटरच्या काइटवर उंच उड्या आणि लूप घेणाऱ्याने चारही तीनशेच्या, किंवा त्याहून वर. काइट लहान आहे म्हणून लाइन बारीक चालेल असा समज पुष्कळांचा असतो. पण लहान काइट जोराच्या वाऱ्यातच निघतो आणि जोरात फिरतो, वरचा वर्गाचा हिशेब त्याला पुरेपूर लागू पडतो.

फॉइल काइट आणि हायड्रोफॉइलवाल्याने एक ते सव्वा मिलिमीटरच्या लाइन्सचा वेगळा बार ठेवावा. वेगळा यासाठी की त्यावर चुकूनही ट्यूब काइट लावून उड्या मारल्या जाऊ नयेत. काइटच्या कंपनीने कमीत कमी जो भार सांगितला असेल, त्याच्या खाली जाऊ नका.

विकत घेताना

मासेमारीच्या दुकानात मिळणारी विणलेली बारीक दोरी स्वस्त असते आणि तीही याच जातीच्या धाग्याची असू शकते, पण ती घेऊ नका. ती आधी ताणून स्थिर केलेली नसते, वेष्टणावरचा आकडा तुमच्या जिवाचा विचार करून छापलेला नसतो, आणि टोकाला लूप तुम्हालाच करावा लागतो. नायलॉन तर विचारातही आणू नका. ते रबरासारखं ताणतं आणि काइट हाताबाहेर जातो. केव्हलर गाठीत आणि वळणात लवकर मोडतं, शिवाय शेजाऱ्याच्या लाइन्स कापतं.

टोकं बघून घ्या. चांगल्या लाइनचं टोक तिच्याच पोकळ पोटात दहा-पंधरा सेंटिमीटर आत ओवून शिवलेलं असतं आणि वर संरक्षक नळी असते. गाठ मारून केलेला लूप असेल तर ती लाइन परत द्या. काइटकडच्या जाड पिगटेलवर, म्हणजे लाइन जोडायच्या छोट्या दोरीवर, गाठ असणं वेगळं. ती त्याच कामासाठी असते.

एकच लाइन तुटली असेल तरी निदान जोडी बदला. डावी नवी, उजवी जुनी असं ठेवलं की दोघी वेगवेगळ्या लांबतात आणि काइट सतत एका बाजूला ओढ घेतो. चारही एकाच वयाच्या असतील आणि एक तुटली, तर उरलेल्या तिघीही त्याच वाटेवर आहेत. मी अशा वेळी पूर्ण संच बदलायला सांगतो. डाव्या-उजव्या लाइन्स वेगळ्या जाडीच्या घालू नयेत, तात्पुरत्या सोयीसाठीही नाही.

बसवल्यावर

चारही लाइन्सची काइटकडची टोकं एका मजबूत खांबाला, एकाच उंचीवर अडकवा. मागे जाऊन डिपॉवरची पट्टी पूर्ण सोडा, बार चिकन लूपपर्यंत खाली ओढा आणि हार्नेसच्या आधाराने अंगाचं वजन टाकून ताणा. एक मिनिट तसंच धरा, सोडा, पुन्हा ताणा. मग चारही टोकं सारखी येतात का बघा. बहुतेक बारवर ती सारखी यायला हवीत, पण आपल्या बारच्या पुस्तिकेत तसं आहे ना हे एकदा वाचून घ्या.

वापरात पुढच्या लाइन्स जास्त भार घेतात आणि हळूहळू लांबतात. मागच्या, मीठ आणि वाळू विणीत शिरल्याने, किंचित आखडतात. परिणाम एकच: मागच्या लाइन्स तुलनेने आखूड होतात, काइट मागे झुकतो, वर चढत नाही, बार ओढला की पाठीवर पडू पाहतो. पुष्कळ जण अशा वेळी काइटला दोष देतात. पिगटेलवरची एक गाठ पुढे किंवा मागे सरकवली की तो सुधारतो. गाठ बदलूनही डावं-उजवं जुळत नसेल तर लाइन्सचं आयुष्य संपत आलं आहे.

प्रत्येक वेळी लाइन्स उलगडताना त्या अंगठा आणि तर्जनीतून सोडत जा. चांगली लाइन गुळगुळीत सरकते. कुठे लव लागली, टोचलं, एखादी जागा चपटी किंवा कडक वाटली तर थांबा आणि उन्हात धरून बघा. बारपासून पहिलं मीटरभर आणि काइटकडच्या नळीच्या तोंडाशी दोन बोटं, या दोन जागा सगळ्यात आधी जातात. तिथे विणीतला एक धागा जरी तुटून बाहेर आलेला दिसला तरी त्या लाइनवर त्या दिवशी काइट उडवू नये. मध्ये पडलेली साधी गाठ काइट उडवण्याआधी सोडवायचीच. ती भाराखाली आवळली गेली असेल तर सोडवल्यावरही त्या जागेवर माझा विश्वास राहत नाही.

लाइन तुटलीच, तर पुढची की मागची हे पटकन ओळखायला हवं. मागची तुटली की बार लगेच सोडा. काइट पुढच्या दोन लाइन्सवर जवळजवळ शक्तिहीन होऊन तरंगतो. पुढची तुटली की काइट गिरक्या घेत ओढत सुटतो, तिथे विचार करायला वेळ नाही, चिकन लूप सोडायचा.

घरी आल्यावर लाइन्स गोड्या पाण्यात भिजवा, सावलीत वाळवा, बारवर आठच्या आकड्यात गुंडाळा. नव्या लाइन्सची लांबी पहिल्या दोन-तीन वेळा पाण्यातून आल्यावर पुन्हा खांबाला लावून तपासा, कारण सगळ्यात जास्त फरक तेव्हाच पडतो. त्यानंतर महिन्यातून एकदा पुरे, वारा जोराचा असेल त्या हंगामात पंधरा दिवसांतून.